पाकविद्या आणि आमचे विद्यार्थी

शाळेच्या वार्षिक अंकांत परीक्षेचे निकाल, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, थोरांचीं चरित्रें आणि सहलींचीं वर्णनें यांस दरवर्षीं मानाचें स्थान मिळतें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या स्थळीं आपण सर्वजण दिवसांतून दोन-तीन वेळां न चुकतां हजेरी लावितों, त्या स्वयंपाकघराविषयीं या पृष्ठांत चार ओळीहि कधीं आल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. म्हणून मथळ्यांतील 'पाकविद्या' हा शब्द पाहून आमचे विद्यार्थी मित्र हंसतील, आणि हा लेख चुकून मुलींच्या शाळेच्या अंकांतून इकडे आला असावा असें म्हणतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांनीं खुशाल हंसावें. मात्र लेख शेवटपर्यंत वाचावा. २०२० सालापूर्वीं आम्हीहि असेच हंसलों असतों.

त्या वर्षीं ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड-१९ ही जागतिक महामारी असल्याचें जाहीर केलें. मार्चच्या मध्यास शाळा बंद झाल्या, रविवार २२ मार्च रोजीं जनता कर्फ्यू पाळण्यांत आला, आणि २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. दुसरा दिवस गुढीपाडव्याचा होता. शेजारच्या घरांवर गुढ्या उभ्या राहिल्या, पण त्यांच्याखालीं रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. पुढें १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार व १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण हे दोन्ही दिवस आम्हीं घरांतच पाळले. उपासनामंदिराचें दार बंद होतें. एकवीस दिवसांची म्हणून सांगितलेली ती टाळेबंदी ३ मे, १७ मे, ३१ मे अशी लांबतच गेली.

हॉटेलें, खानावळी, चहाच्या टपऱ्या, भेळेच्या गाड्या, सर्व एका रात्रींत मिटलें. तेव्हां घरोघर एक नवलच घडलें. ज्यांनीं आयुष्यांत कधीं पळी हातीं धरली नव्हती असे गृहस्थ कणीक मळूं लागले. फळीवर धूळ खात पडलेली कमलाबाई ओगले यांची १९७० सालची 'रुचिरा' खालीं उतरली. कुकरांत वाळू घालून केक भाजले गेले, पाणीपुरीच्या पुऱ्या घरीं फुगल्या, आणि पाव फुगविण्याचें यीस्ट वाण्याकडे हुडकून मिळेनासें झालें. एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतांना माणसें पाव फुगला कीं बसला हेंहि विचारूं लागलीं. जो तो म्हणूं लागला कीं, या संकटानें एक गोष्ट मात्र चांगली केली. घरच्या स्वयंपाकाचा आम्हांस पुन्हां शोध लागला.

हा 'शोध' शब्द तपासून घ्यावा, एवढ्यासाठींच आम्हीं लेखणी हातीं घेतली आहे. इतिहासाच्या पुस्तकांत कोलंबसानें अमेरिकेचा शोध लाविला असें आपण वाचतों. परंतु तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांस ती कधीं हरवलीच नव्हती. स्वयंपाकघराचें तसेंच आहे. ज्या हातांनीं तेथें रोज चूल पेटत होती, त्या हातांस नवें असें कांहींच सांपडलें नाहीं. त्यांच्या वांट्यास फक्त काम अधिक आलें. शोध लागला तो ताटावर बसणाऱ्यांस.

आम्हांस स्वतःस हें कळावयास सप्टेंबर उजाडावा लागला. एप्रिल-मे महिन्यांत आम्हींहि दोन रविवारीं जिलब्या तळल्या, त्यांचीं छायाचित्रें आप्तेष्टांस धाडलीं आणि भरपूर कौतुक झेललें. ओट्यावर सांडलेला पाक कोणीं पुसला, कढई कोणीं घासली, याचें छायाचित्र मात्र आमच्यापाशीं नाहीं.

सप्टेंबरांत आमच्या पत्नीस ताप आला आणि तपासणींत रोग निघाला. प्रकृति गंभीर नव्हती. म्हणून डॉक्टरांनीं घरींच, परंतु सतरा दिवस निराळें राहावयास सांगितलें. ती मागच्या खोलींत गेली, दार लोटलें गेलें, आणि आमची वृद्ध आई, दोन मुलें व आम्ही असे चौघे बाहेरच्या बाजूस राहिलों. आम्हांसहि उंबऱ्याबाहेर जाण्याची मनाई होती. शेजाऱ्यांनीं दोन दिवस दाराशीं डबा ठेविला. तिसऱ्या दिवशीं त्यांच्याच घरीं ताप शिरला. वय चाळिशीपुढें, पदव्या दोन, आणि हातीं पाककृति एकच, ती चहाची. अशा स्थितींत आम्ही स्वयंपाकघरांत उभे राहिलों.

आम्ही वर्गांत विज्ञान शिकवितों. पिष्टमय पदार्थ उष्ण पाण्यांत फुगून चिकट होतात, हें वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. तथापि ज्वारीच्या पिठांत गव्हाप्रमाणें ग्लुटेन नसतें, म्हणून तें कढत पाण्यानें मळावें लागतें, ही त्याच नियमाची घरगुती बाजू आम्हांस ठाऊक नव्हती. थंड पाण्यांत मळलेली आमची पहिली भाकरी परातींतून तव्यावर जातां जातां तीन ठिकाणीं भंगली. दुसरीची तीच गत. तेव्हां दाराआडून प्रश्न आला, "पीठ कोणत्या डब्यांतलें घेतलेंत?" आम्हीं सांगितलें. "अहो, तें फार जुनें. त्याची विरी गेली असेल. खालच्या डब्यांतलें घ्या, आणि पाणी उकळून घाला." 'विरी' हा शब्द आमच्या कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहीं. रसायनशास्त्राला जें सांगण्यास दोन परिच्छेद लागतात, तें आमच्या गृहिणींनीं दोन अक्षरांत बांधून ठेविलें आहे, हें आम्हांस त्या दिवशीं समजलें.

भाकरी चौथ्या दिवशीं जमली. परंतु तोंवर कळून चुकलें कीं शिजविणें हा या कामाचा अर्धाच भाग आहे. आईस मीठ कमी व भात मऊ हवा. धाकट्यास मुगाची डाळ चालते, तुरीची चालत नाहीं. रोगी माणसास सकाळीं पेज आणि दोन प्रहरीं कांहीं हलकें. तेल परवां संपणार आहे, तें आज कोणाकडून तरी मागविलें पाहिजे. रात्रीं हरभरे भिजत घातले नाहींत तर उद्यां उसळ नाहीं. हें सर्व कोठें लिहिलेलें नसतें. तें एका माणसाच्या डोक्यांत असतें, आणि तें माणूस आजारी पडेपर्यंत इतरांस त्याचा पत्ताहि नसतो. एके दिवशीं आम्हीं घड्याळ लावून पाहिलें. सकाळच्या चहापासून रात्रीं भांडीं पालथीं घालीपर्यंत पांच तास उभें राहणें झालें होतें. वर्गांत तितके तास उभे राहिलों तर आम्ही शिक्षकखोलींत येऊन कुरकुर करितों.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या रोगांत पुष्कळांचा वास व चव जाते. तशी तिचीहि गेली होती. आम्ही दाराशीं ठेवीत असलेलें ताट ती मुकाट्यानें संपवी. करपलेला भात, अळणी वरण, तिला सर्व सारखेंच. तिकडून तक्रार येत नाहीं, यावरून आपला हात चांगलाच बसला असें आम्हांस वाटूं लागलें होतें. बाराव्या दिवशीं आमटीस फोडणी दिली, आणि दाराआडून आवाज आला, "हिंग फार झाला हो!" क्षणभर कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. मग मुलगी ओरडली, "आईला वास आला!" आमच्या स्वयंपाकास मिळालेलें तें पहिलें दूषण, आणि त्या दूषणाबद्दल आम्हीं त्या रात्रीं प्रार्थनेंत देवाचे आभार मानले.

हा एका घरचा अनुभव झाला. आतां देशाचा हिशेब पाहूं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं, म्हणजे महामारीच्या अगदीं आधीं, सहा वर्षांवरील माणसें आपला दिवस कसा घालवितात याची देशभर पाहणी केली. कोणत्याहि एका दिवशीं घरच्या माणसांसाठीं बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१, तर पुरुष २६ आढळले. जे करितात त्यांतहि स्त्रियांचीं सरासरी २९९ मिनिटें, तर पुरुषांचीं ९७ मिनिटें त्या कामीं जात होतीं. मग महामारी आली, आणि 'शोध' लागला. २०२४ सालीं तीच पाहणी पुन्हां झाली, तेव्हां स्त्रियांचीं २८९ मिनिटें भरलीं आणि पुरुषांचीं ८८. स्त्रियांचा भार दहा मिनिटांनीं हलका झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुरुषांचीं मिनिटें वाढण्याऐवजीं नऊंनीं उतरलीं. त्या शोधाचा कांहीं टिकाऊ वारसा मागें राहिला असता, तर या आंकड्यांत त्याची खूण दिसली असती.

ती कां दिसत नाहीं? आमच्या मतें त्याचें कारण असें कीं, आपण त्या वेळीं जी हातीं घेतली ती हौस होती, पाळी नव्हती. हौस मनास येईल तेव्हां करावयाची, कौतुक मिळालें कीं पुरे करावयाची. पाळी मन असो वा नसो उजाडतेच, आणि ती चुकली तर कोणी तरी उपाशी राहतो. जिलबी ही हौस आहे. रोजची भाकरी ही पाळी आहे. घर चालतें तें पाळीवर.

शिवाय, घरचें अन्न सांपडण्यास आधीं घर असावें लागतें. खानावळी बंद पडल्या तेव्हां परगांवीं एकटे राहणारे शेंकडों विद्यार्थी व मजूर यांपुढें पाव फुगविण्याचा प्रश्न नव्हता. सरकारनें शिधापत्रिकेवर दरमहा माणशीं ५ किलो धान्य फुकट देण्याचें जाहीर केलें. महाराष्ट्रांत १० रुपयांची शिवभोजन थाळी ५ रुपयांस करण्यांत आली. अनेक संस्थांनीं अन्नछत्रें चालविलीं. तरीहि लाखों मजूर आपआपल्या गांवांच्या वाटेस लागले. त्यांतील कांहीं जालन्याहून रेल्वेच्या रुळांवरून मध्य प्रदेशाकडे निघाले होते. ८ मे २०२० रोजीं पहांटे, तेव्हांच्या औरंगाबाद व आतांच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत करमाडजवळ, थकून रुळांवरच निजलेल्या त्यांच्यावरून मालगाडी गेली. सोळा जण मेले. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत जें छायाचित्र आलें त्यांत रुळांमध्यें विखुरलेल्या पोळ्या होत्या. ज्यांनीं तें पाहिलें ते तें विसरणार नाहींत. त्याच सुमारास आपण आपल्या ताटांचीं छायाचित्रें काढीत होतों.

मेलेले सारे पुरुष होते. घरापासून दूर मजुरीस गेलेला पुरुष सहसा आपली भाकर आपणच भाजतो. 'आम्हां पुरुषांस स्वयंपाक येत नाहीं', हें वाक्य ज्यास दुसरें कोणी रांधून घालतें त्याच्याच तोंडीं असतें. मजुरास तें परवडत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांतहि असे आहेत. शाळा बंद असल्यामुळें मध्यान्हभोजनाचे तांदूळ व कडधान्य पालकांस कोरडें वाटण्यांत येत होतें. जुलै महिन्यांत त्यासाठीं पिशवी घेऊन आलेल्या सहावींतल्या एका मुलास आम्हीं सहज विचारलें, "घरीं कोण शिजवितें?" तो म्हणाला, "मीच, सर. आई शेतावर मजुरीला जाते." आणि मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "पण वर्गांत सांगूं नका, सर. पोरं हंसतील." आम्हीं मान हलविली आणि ती गोष्ट विसरून गेलों. सप्टेंबरांत आमची भाकरी तव्यावर भंगली तेव्हां त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढें आला. बारा वर्षांच्या ज्या मुलास आमच्याहून अधिक येत होतें, त्यास तें लपवावेंसें वाटावें, हा दोष त्याचा नव्हे. तो आम्हीं शिक्षकांनीं, पालकांनीं आणि हंसणाऱ्या सोबत्यांनीं मिळून घडविलेला आहे.

यावर जे आक्षेप येतील ते आम्ही जाणून आहों. पहिला ठरलेला : हें बायकांचें काम. तसें असेल तर उत्तम स्वयंपाकास आपण 'नळपाक' कां म्हणतों? अज्ञातवासाच्या वर्षीं भीमानें विराटाच्या मुदपाकखान्यांत बल्लव होऊन पळी धरली, यांत त्याच्या गदेस कमीपणा आल्याचें कोणी म्हणत नाहीं. १८७५ सालीं मराठींत 'सूपशास्त्र' हें पाकक्रियेचें पुस्तक छापून निघालें, त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते हे पुरुषच होते. लग्नमांडवांतील आचारी पुरुष, हॉटेलांतील आचारी पुरुष. सारांश, जेथें मोबदला मिळतो तेथें पुरुष खुशाल रांधतो; जेथें तें काम केवळ प्रीतीचें असतें तेथेंच तें बायकांचें होऊन बसतें.

दुसरा आक्षेप परीक्षेचा : अभ्यासांतून वेळ कोठें आहे? ज्या विद्यार्थ्यानें कुकरांत पाणी सुमारें १२० अंश सेल्सियसला उकळतें म्हणून डाळ लवकर शिजते हें हातानें पडताळून पाहिलें, रात्रभर आंबलेलें इडलीचें पीठ सकाळीं फुगून वर आलेलें पाहिलें, त्यास दाब, उष्णता व जिवाणू यांचे धडे निराळे घोकावे लागणार नाहींत.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा : आतां मोबाईलवर बोट ठेविलें कीं अन्न दाराशीं येतें. आमच्यासारख्या लहान गांवीं तो मार्ग मार्च २०२० मध्यें एका रात्रींत बंद झाला होता. आणि मार्ग उघडा असला तरी आजाऱ्याच्या तोंडास रुचेल अशी पेज, त्याची तबियत ओळखून, घरचेंच माणूस करूं जाणे.

तर करावें काय? आम्ही स्वतः मिशनच्या वसतिगृहांत वाढलों. तेथें धान्य निवडणें, पाणी भरणें, पंगत वाढणें आणि भांडीं घासणें यांच्या पाळ्या असत, आणि कोणाची कोणती पाळी याचा तक्ता भिंतीवर टांगलेला असे. त्या तक्त्यांत चूल तेवढी नव्हती; ती आचाऱ्याकडे असे. आमची सूचना इतकीच कीं तो जुना तक्ता पुन्हां टांगावा आणि त्यांत चुलीचा एक रकाना वाढवावा. शिक्षणांत हातकामास स्थान हवें हें आपल्याकडे १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेपासून सांगितलें जात आहे. २९ जुलै २०२० रोजीं मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना, कारागिरांच्या हाताखालीं शिकण्यांत घालवावे असें म्हटलें आहे. त्या दहांतील दोन दिवस स्वयंपाकघरास द्यावे. दहावी सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलास, मुलगा असो वा मुलगी, वरण-भात, एक भाजी, भाकरी किंवा पोळी, आणि आजाऱ्याची पेज, इतकें तरी करितां आलें पाहिजे. आठवड्याच्या किराण्याचा हिशेब मांडतां आला पाहिजे. आणि मागाहून कढई घासतां आली पाहिजे. कढईचें कलम कोणीं वगळूं नये. आणि त्या दोन दिवसांचे गुरु म्हणून ज्या विद्यार्थ्यांस हें काम आधींच येतें त्यांस सर्वांसमोर उभें करावें. जो मुलगा आजवर लपवीत होता, त्यास वर्गानें एकदां 'शिकव' म्हणून पाहावें.

घरींहि हेंच. पालकांस आमची विनंति आहे कीं मुलास कौतुकासाठीं ओट्याशीं बोलावूं नये. त्यास वार नेमून द्यावा. आमच्या घरीं सतरावा दिवस उलटल्यावर तक्ता झाला. मंगळवारची संध्याकाळ आमची, गुरुवारची मुलाची. परीक्षेच्या दिवसांत आम्हीं तो दोन-तीन वेळां मोडला हें कबूल केलें पाहिजे. पण मोडल्याचें सर्वांच्या ध्यानांत येतें, आणि बोलूनहि दाखविलें जातें, हाच तक्त्याचा गुण.

शेवटीं, आमच्या शास्त्रांतील दोन गोष्टींची आठवण देऊन लेख संपवितों. पांच हजारांस जेवूं घातल्याच्या गोष्टींत एका मुलापाशीं जवाच्या पांच भाकरी होत्या, हें आपण लहानपणापासून ऐकतों. त्या भाकरी त्या सकाळीं कोणीं भाजल्या, हें शास्त्र सांगत नाहीं, आणि आम्हीहि २०२० पर्यंत कधीं विचारलें नव्हतें. दुसरी गोष्ट पुनरुत्थानानंतरची. रात्रभर जाळें टाकून थकलेले शिष्य पहांटे किनाऱ्याकडे आले, तेव्हां प्रभूनें कोळशांचा विस्तव पेटवून त्यावर मासळी घातली होती आणि शेजारीं भाकरी ठेविली होती. मृत्यूस जिंकून आलेल्या त्या प्रभूस, भुकेल्या माणसांसाठीं न्याहारी करणें, हें हलकें काम वाटलें नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, या सुट्टींत घरीं जाल तेव्हां कोणती पाळी तुमच्याकडे येऊं शकेल, तें आईस विचारा. ती प्रथम हंसेल. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशीं वेळेवर ओट्याशीं हजर राहा.